घसारा किती धरायचा? एका जुन्या गेम मशीनची किंमत ठरवताना

अपघातात सापडलेल्या गाड्यांची पाहणी करून विमा कंपनीने किती रक्कम द्यावी हे ठरवणे, हा माझा गेल्या १९ वर्षांचा व्यवसाय आहे. कोणत्याही जुन्या वस्तूकडे पाहिले की तिच्या किमतीतून वयापोटी किती वजा करायचे, म्हणजे घसारा किती धरायचा, याचा विचार माझ्या डोक्यात आपोआप सुरू होतो, आणि हा विचार सहसा मला दगा देत नाही. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मात्र नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर ठेवलेल्या व्हिडिओ गेमच्या मशीनसाठी किती पैसे मोजावेत हे ठरवायला मला सात आठवडे लागले, आणि त्या सात आठवड्यांत माझे दोन हिशोब सपशेल चुकले.

मशीन कोणते होते ते आधी सांगतो. १९९० च्या दशकात ज्यांचे शालेय वय गेले त्यांना 'मुस्तफा' म्हटले की पुरे. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ मध्ये काढलेल्या या खेळाचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', परंतु पिवळी टोपी घातलेल्या मुस्तफा नावाच्या पात्रावरून आपल्याकडे सगळीकडे तो 'मुस्तफा' म्हणूनच ओळखला गेला. शाळा सुटल्यावर आम्ही ज्या पार्लरमध्ये जात असू त्याच्या मालकांचे काही वर्षांपूर्वी निधन झाले. पार्लर त्याच्याही कितीतरी आधी बंद पडले होते. चार मशीनपैकी तीन भंगारात गेली आणि हे एक वाड्यात राहिले. वाडा पाडून तिथे इमारत उभी करण्याचे ठरले, तेव्हा त्यांच्या मुलाने एका ओळखीच्या माणसामार्फत मला छायाचित्र पाठवले आणि किंमत सांगितली ८०,००० रुपये.

छायाचित्र पाहून माझ्या मनात पहिला आकडा आला तो ६०,००० चा. तो कुठून आला याचे कोणतेही उत्तर माझ्यापाशी नव्हते; समोरच्याने ८० म्हटले म्हणून मी ६० म्हणत होतो, इतकेच. एखाद्या गॅरेजवाल्याने ८०,००० चे अंदाजपत्रक दिले आणि मी काहीही न पाहता ६०,००० मंजूर केले, तर माझा परवाना दुसऱ्याच दिवशी काढून घ्यावा असे मीच म्हणेन. म्हणून तो आकडा बाजूला ठेवला आणि कामाला लागलो.

पहिले पाऊल म्हणजे बाजारभाव शोधणे. गाडीच्या बाबतीत हे सोपे असते, कारण त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या गाड्या रोज विकल्या जात असतात. या मशीनला नागपुरात बाजारच नाही. परदेशातल्या भावांचा उपयोग होईल असे आरंभी वाटले, पण थोडे वाचल्यावर ती आशा सोडून दिली. तिकडचा संग्राहक टायटोचे १९७८ चे 'स्पेस इन्व्हेडर्स' किंवा नामकोचे १९८० चे 'पॅक-मॅन' घेतो, तेव्हा तो कारखान्यातून निघालेले कॅबिनेट, त्यावरची मूळ चित्रे, अनुक्रमांकाची पट्टी आणि आतला मूळ बोर्ड या सगळ्यांच्या एकत्र असण्याची किंमत देत असतो. आपल्याकडच्या बहुतेक पार्लरांतली मशीन अशी नव्हतीच. कॅबिनेट इथल्या सुताराने केलेले, पडदा टीव्हीच्या पिक्चर ट्यूबचा आणि बोर्ड कुठून तरी आलेला, असा तो मेळ असे. हे शक्य झाले याला दोन तांत्रिक कारणे आहेत. एक म्हणजे १९८० च्या दशकाच्या मध्यावर जपानी उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेली 'जामा' ही जोडणीची पद्धत, जिच्यात ५६ पिनांच्या एकाच कनेक्टरातून वीज, चित्र, आवाज, जॉयस्टिक आणि बटने सगळे बोर्डाला मिळते. त्यामुळे एक बोर्ड काढून दुसरा लावला की खेळ बदलतो. दुसरे कारण असे की या बोर्डांच्या चित्राची आडवी वारंवारिता (पडद्यावर सेकंदाला किती आडव्या रेषा काढल्या जातात ती संख्या) १५ किलोहर्ट्झच्या आसपास असते आणि आपल्या जुन्या टीव्हीची १५,६२५ हर्ट्झ होती, त्यामुळे टीव्हीच्या ट्यूबवर हे चित्र थोड्या फेरफाराने बसत असे.

मग देशातल्या नव्या मशीनचे भाव विचारले. एमडीएफचे कॅबिनेट, एलसीडी पडदा आणि शेकडो खेळ भरलेला एकच चिनी बोर्ड अशा दोन खेळाडूंच्या मशीनला मला ४५,००० ते ७०,००० असे भाव सांगितले गेले. इथे माझ्या व्यवसायातली एक सवय कामी आली: मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीला पुरावा मानायचे नसते. तरीही वरची मर्यादा समजली. ज्याला केवळ मुस्तफा खेळायचा आहे त्याला मागितलेल्या ८०,००० पेक्षा कमी खर्चात, अधिक स्पष्ट पडद्यावर, दुरुस्तीची कटकट न करता तो खेळता येतो.

पाहणीला जाताना मी दोन माणसे सोबत घेतली. एक, आमच्या घरचा टीव्ही पूर्वी दुरुस्त करणारे मिस्त्रीकाका, ज्यांनी आयुष्याची ४० वर्षे पिक्चर ट्यूबसमोर काढली आहेत; आणि दुसरा माझ्या भावाच्या घरचे फर्निचर केलेला सुतार. सुताराला काय बघायचे आहे हे त्याला शेवटपर्यंत समजले नाही, पण आला.

आम्ही पोहोचलो तेव्हा मशीन चालूच होते. मुलाने उत्साहाने एक टोकन टाकून दाखवले, ओळखीचे संगीत वाजले आणि माझे सगळे व्यावसायिक भान क्षणभर सुटले. मिस्त्रीकाका मात्र मागे गेले, पाठीमागच्या जाळीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "हे तर केव्हाचं चालू आहे जी. बंद करा. तासाभराने येतो आम्ही." मुलाला ते आवडले नाही. काकांचे म्हणणे असे की ट्यूब थकली असेल तर ती थंड असतानाच बोलते. आधी तापवून ठेवलेली ट्यूब पाहणे म्हणजे ढकलस्टार्ट करून ठेवलेली गाडी पाहण्यासारखे आहे. या उपमेनंतर मला त्यांच्याशी वाद घालणे शक्य नव्हते. आम्ही बाहेर जाऊन तर्री पोहे खाल्ले, चहा घेतला आणि तासाने परतलो.

बंद मशीनचा पडदा पाहण्यातही एक गोष्ट कळते. वर्षानुवर्षे एकच चित्र एका जागी राहिले की काचेच्या आतल्या फॉस्फर या चमकणाऱ्या थरावर त्याचा डाग उमटतो, आणि तो बंद पडद्यावर टॉर्च तिरपा धरला की दिसतो. इथे वरच्या डाव्या कोपऱ्यात खेळाडूच्या ताकदीच्या पट्टीची फिकट सावली होती. मध्यभाग स्वच्छ होता. मशीन सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटे चित्र निळसर-हिरवे आले आणि लाल रंग हळूहळू वर चढला. "लाल गन थकून राहिली," काका ट्यूबमधल्या लाल रंग उमटवणाऱ्या भागाविषयी म्हणाले, "पण अजून साथ देते. पाच मिनिटांत रंग भरते, म्हणजे मेली नाही." चित्राच्या कडा थोड्या लाटांसारख्या हलत होत्या, हा वीजपुरवठ्याचे कंडेन्सर सुकल्याचा परिणाम. त्यांनी मीटर लावून बोर्डाला मिळणारा दाब मोजला तो ४.७ व्होल्ट भरला. तो ५ च्या आसपास हवा, आणि कमी पडू लागला की खेळ मध्येच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ट्यूबच्या मागच्या भागाला त्यांनी मला हात लावू दिला नाही. तिथे २०,००० व्होल्टच्या वर दाब असतो आणि मशीन बंद केल्यावरही ट्यूबमध्ये भार साठून राहतो.

बोर्ड मी स्वतः पाहिला, कारण त्याचा अभ्यास करून गेलो होतो. या खेळाचा कॅपकॉमचा मूळ बोर्ड क्यू-साउंड नावाच्या ध्वनी-यंत्रणेसह येतो आणि त्यात एक बॅटरी असते. ध्वनीचा सांकेतिक प्रोग्रॅम उलगडणारी किल्ली त्या बॅटरीच्या जिवावर टिकून असते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड धड चालत नाही. नक्कल होऊ नये म्हणून केलेली ही योजना. गंमत अशी की नक्कल करणाऱ्यांनी तो भागच वगळला, त्यामुळे बनावट बोर्डाला मरण नाही, फक्त त्याचा आवाज दरिद्री असतो. आमच्या पार्लरमधला बोर्ड बनावटच निघाला: कॅपकॉमची कोणतीही खूण नाही, बॅटरी नाही, आणि मुख्य चिपांवरचे क्रमांक घासून काढलेले. मूळ बोर्डाला संग्राहक बनावट बोर्डाच्या कित्येक पट पैसे देतात. ज्या संगीताने मी तासाभरापूर्वी विरघळलो होतो ते मूळ संगीताची कापून छाटलेली आवृत्ती होती, आणि मूळ कधी ऐकलेच नसल्यामुळे ३० वर्षे मी तीच खरी समजत होतो.

सुतार इतका वेळ गप्प होता. त्याने पाठीमागची फळी काढायला लावली, आत डोके घातले आणि विचारले, "हा सांगाडा कोणी केला?" बाहेरून सनमायका लावलेले प्लाय, पण आत चारही कोपऱ्यांत आणि पडद्याखाली सागाच्या पट्ट्यांचे पक्के सांधे होते. आता असे कोणी करत नाही, स्क्रू मारून मोकळे होतात, असे तो म्हणाला. खालचे चार-पाच इंच प्लाय मात्र फरशी धुताना लागलेल्या पाण्याने आणि शेजारच्या कूलरच्या ओलाव्याने फुगून सुटले होते. वाळवी नव्हती. असेच कॅबिनेट आज नव्याने करायचे तर साहित्य आणि मजुरी धरून २६,००० लागतील, असा आकडा त्याने तिथेच दिला.

घरी येऊन कागद घेतला. मोटार विम्यातली घसाऱ्याची पद्धत थोडक्यात अशी आहे: रबर, नायलॉन, प्लास्टिकचे भाग आणि बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के वजा होतात, फायबरच्या भागांतून ३० टक्के, काचेतून काहीच नाही, आणि धातूचे भाग वयानुसार घसरत जाऊन १० वर्षांपुढे ५० टक्क्यांवर थांबतात. मी सरळ सगळ्याच गोष्टी अर्ध्यावर आणल्या. कॅबिनेट २६,०००, ट्यूब आणि तिचे सर्किट ६,०००, बोर्ड ६,०००, वायरिंग, वीजपुरवठा आणि जॉयस्टिक-बटने मिळून ६,०००, असे एकूण ४४,०००, त्याचे निम्मे २२,०००. मग दुरुस्तीचा खर्च काढला: खालचे प्लाय ३,५००, नवा पुरवठा १,२००, दोन खेळाडूंच्या जॉयस्टिक आणि बटने ३,८००, सर्किटचे कंडेन्सर आणि काकांची मजुरी २,५००, छोटा हत्ती टेम्पो आणि हमाल २,०००, एकूण १३,०००. वजा जाता उरले ९,०००.

हा आकडा मी पत्नीला दाखवला. ती गणित शिकवते. तिने कागद वाचून एवढेच विचारले की बटने जुनी आहेत म्हणून एकदा अर्धे पैसे कापलेस आणि नवी बसवायची आहेत म्हणून पुन्हा पूर्ण पैसे कापलेस, हे कसे? चूक अगदी ढळढळीत होती. एकाच झिजेचे पैसे मी विक्रेत्याकडून दोनदा वसूल करत होतो. दाव्याच्या अहवालात असे कोणी केले असते तर मी तो अहवाल परत पाठवला असता. स्वतःच्या खिशाचा प्रश्न आल्यावर मात्र ते माझ्या नजरेस पडले नाही.

दुसऱ्या वेळी पद्धत बदलली. हेच मशीन दुरुस्त होऊन नीट चालू स्थितीत उभे असते, तर त्यातल्या प्रत्येक भागाला जुना म्हणूनच किती दिले असते, हे आधी लिहिले, आणि त्यातून तिथवर पोहोचायचा खर्च एकदाच वजा केला. कॅबिनेटला २०,००० धरले, कारण सागाचा सांगाडा वयाने खराब होत नाही आणि वयाने उतरणारे ते फक्त बाकीचे प्लाय होते. बोर्डाचे ६,००० तसेच ठेवले, ते बनावट बोर्डाचेच होते. ट्यूबला काच म्हणून घसारा लावू नये असा एक मिस्किल विचार मनात येऊन गेला, परंतु ट्यूब थकते ती काचेमुळे नव्हे तर आतल्या कॅथोड या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागामुळे, आणि पिक्चर ट्यूबचे कारखाने आपल्याकडे केव्हाच बंद पडले असल्यामुळे नवी मिळणारही नाही. दुसरीकडे, लोक जुने टीव्ही अक्षरशः देऊन टाकत आहेत. दुर्मिळ होत चाललेली पण आज फुकट मिळणारी अशी ती विचित्र वस्तू आहे. तिचे सर्किटसह ६,००० राहू दिले. वायरिंग आणि बटनांचे ६,०००. एकूण ३८,०००, वजा १३,०००, उरले २५,०००.

हा आकडा बरोबर होता आणि तरीही तो मला पटत नव्हता. कारण शोधायला पुन्हा वाड्यात गेलो, या वेळी एकटाच आणि मशीन बंद ठेवायला सांगून.

मशीनच्या माथ्यावर ट्यूबलाइटच्या पुढे एक काच होती. पार्लरच्या मालकांनी ती एका स्थानिक पेंटरकडून रंगवून घेतली होती. काचेच्या मागच्या बाजूने उलटे चित्र काढण्याची ती पद्धत. आधी बारीक रेषा, मग त्यावर रंग, सगळे उलट क्रमाने. पिवळ्या टोपीतला मुस्तफा होता, मागे एक डायनोसॉर होता, आणि पुढे गाडी होती. ती गाडी मी ओळखली. पेंटरने कॅडिलॅक बहुधा कधी पाहिलेली नव्हती, म्हणून त्याने बोनेट आणि पुढची जाळी सरळ अ‍ॅम्बेसेडरची काढली होती आणि मागे कॅडिलॅकसारखे पंख जोडले होते. खाली लाल अक्षरांत लिहिले होते, 'बटन जोराने मारू नये. उधार बंद.' शाळेत असताना मी या काचेखाली शेकडो वेळा उभा राहिलो असेन, पण माझे लक्ष कायम पडद्याकडे असे.

तिथे उभे असताना माझ्या कागदात काय राहिले होते ते समजले. मी पैसे मोजायला निघालो होतो ते खेळासाठी, आणि खेळ हाच त्या मशीनमधला सर्वांत सहज बदलता येणारा भाग होता: बनावट बोर्ड, जो उद्या बंद पडला तर दुसरा लावता येईल. जे कुठेच पुन्हा मिळणार नव्हते ते म्हणजे ही काच, आणि तिला माझ्या कागदावर एक ओळही नव्हती. मोटार विम्यात 'व्हिंटेज' या शब्दाला तारीख आहे. जुन्या अखिल भारतीय दरपत्रकाप्रमाणे गाडी ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली हवी आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाचे तसे प्रमाणपत्र हवे. त्याखेरीज, पाच वर्षांहून जुन्या गाडीची विमा-रक्कम घसाऱ्याच्या कोष्टकाऐवजी विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची असते. म्हणजे कोष्टक कुठे संपते हे माझ्या व्यवसायालाही माहीत आहे. मी स्वतः वर्षभर पाच वर्षांच्या आतल्या मोटारीच पाहत असल्यामुळे ते विसरून गेलो होतो.

काचेची किंमत ठरवण्यासाठी इतवारीत अजून हाताने पाट्या रंगवणारे एक वयस्कर पेंटर शोधून काढले. फ्लेक्स आल्यापासून त्यांचे काम देवळांच्या आणि ट्रकच्या पाट्यांपुरते उरले आहे. त्याच मापाच्या काचेवर तसेच उलटे चित्र काढून द्यायचे ४,५०० रुपये त्यांनी सांगितले आणि छायाचित्र बराच वेळ पाहत राहिले. "ब्रश चांगला आहे त्याचा," म्हणाले, "गाडी चुकली." तेव्हा ४,५०० ही या काचेची खालची मर्यादा झाली. त्यावर मी किती द्यायला तयार आहे, हे ठरवण्यासाठी स्वतःला एक प्रश्न विचारत गेलो: दुसऱ्या कोणी माझ्यापेक्षा एक हजार जास्त देऊन मशीन नेले, तर मला चुटपुट लागेल की सुटल्यासारखे वाटेल? ३० ला चुटपुट लागत होती, ३५ लाही लागत होती, ३८ ला आपण वाचलो असे वाटू लागले. म्हणून ३७,००० वर रेघ ओढली. कागदावर लिहिले: दुरुस्तीयोग्य वस्तू २५,०००, काच ४,५००, मर्जी ७,५००. 'मर्जी' हे शीर्षक मी आयुष्यात प्रथमच कोणत्या मूल्यांकनात वापरले, पण ते काच किंवा कॅबिनेट यांच्या आकड्यांत मिसळून लपवण्यापेक्षा उघडे लिहिणे मला बरे वाटले.

बोलणी करायला गेलो तेव्हा मालकांच्या पत्नी, म्हणजे काकूही, बसल्या होत्या. मुलाचा मुद्दा तयार होता. "बाबांनी १९९६ मध्ये ३५ हजार लावून बनवली होती जी. आज त्याचे किती होतात ते तुम्हीच सांगा." या युक्तिवादाला मी रोज तोंड देतो; गाडी घेताना किती दिले होते हे सांगून नुकसानभरपाई मागणारे लोक दर आठवड्याला भेटतात. खर्च झालेले पैसे वस्तूला चिकटून राहत नाहीत, हे त्यांना सांगण्याची माझी ठरलेली भाषा आहे. ती इथे वापरवेना, कारण त्या ३५ हजारांतले एक-एक रुपया करून बरेचसे परत करणाऱ्यांत मीही होतो. त्याऐवजी मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि ओळ न ओळ वाचून दाखवली, मर्जीसकट. मिस्त्रीकाकांनी या गोष्टीसाठी मला नंतर चांगलेच सुनावले. आपली वरची मर्यादा समोरच्याला दाखवणारा गिऱ्हाईक त्यांनी पाहिला नव्हता.

मुलगा ५५ पर्यंत खाली आला आणि तिथे अडला. काकूंनी फारसे काही म्हटले नाही, फक्त 'मर्जी म्हणजे काय' असे विचारले. मी म्हटले, "काकू, त्या काचेचे पैसे कसे मोजायचे हे मला येत नाही, म्हणून तसे लिहिले आहे." त्यांनी कागद ठेवून घेतला.

पुढचे १२ दिवस काहीच झाले नाही. या काळात एकदा ४५ पर्यंत जावे असे मला वाटले आणि कागदाची प्रत काढून पुन्हा वाचल्यावर ते थांबले. तेराव्या दिवशी काकूंचा फोन आला. वाडा रिकामा करायची तारीख जवळ आली होती. ४०,००० द्या, म्हणाल्या, आणि टोकनांचा डबा घेऊन जा. टोकने पितळेची होती, मी नंतर मोजली, २१२ भरली. माझ्या मूळ पाहणीत ती नव्हती, तेव्हा जास्तीच्या ३,००० रुपयांना जास्तीची वस्तू मिळते आहे, असा युक्तिवाद मी स्वतःशी केला आणि हो म्हटले. सगळी मिळून दीड किलोही भरली नसती आणि पितळेच्या भावाने त्यांचे ३,००० कोणी दिले नसते, हे मला तेव्हाही माहीत होते.

पैसे बँकेतून पाठवले आणि पावतीवर काय लिहायचे यावर पंधरा मिनिटे घालवली. 'जुने व्हिडिओ गेम मशीन, दुरुस्ती आवश्यक, आहे त्या स्थितीत. माथ्यावरची रंगवलेली काच व टोकने यांसह' असे ठरले. काचेचा वेगळा उल्लेख मीच आग्रहाने घालायला लावला, आणि हलवताना ती आधी काढून चादरीत गुंडाळून माझ्या मांडीवर घेऊन गेलो. मशीन छोट्या हत्तीत मागून आले. महालातल्या गल्लीच्या तोंडाशी ते उतरवून हाताने पन्नास पावले न्यावे लागले, म्हणून हमालांनी ५०० जास्त घेतले. मी ते द्यायला कां कू केली नाही, १०० किलोच्या वर तरी ते नक्की असेल.

आता खरा हिशोब. दुरुस्तीला मी १३,००० धरले होते, ते हमालांचे ५०० सोडून १७,४०० झाले. वायरिंगचे जुने आवरण हात लावताच तुटू लागले म्हणून ते सगळे नव्याने करावे लागले, २,५००; हे मला पाहणीतच दिसायला हवे होते. दुसरा फटका मे महिन्यात बसला. तापमान ४५ च्या पुढे गेलेल्या एका दुपारी पडद्यातून चट्कन आवाज आला आणि अंधार झाला. उच्च दाब तयार करणारा ट्रान्सफॉर्मर, काकांच्या भाषेत ईएचटी, गेला होता. बर्डीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तो मिळाला नाही. शेवटी काकांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या बंद पडलेल्या दुकानातल्या पेटाऱ्यातून जुळणारा नग निघाला. त्याचे मजुरीसह १,९००. म्हणजे ठरवलेल्या रकमेपेक्षा खरेदीत ३,००० आणि दुरुस्तीत ४,९०० असे ७,९०० रुपये मी जास्त मोजले आहेत, आणि यातले किमान अडीच हजार निव्वळ निष्काळजीपणाचे आहेत.

खेळ रविवारी चालतो. माझा मुलगा दोनदा खेळला आणि मुस्तफाची गाडी अशी का, एवढे विचारून गेला. लाल रंग वर चढायला आता अडीच मिनिटे लागतात, मी घड्याळ लावून पाहतो. काकांनी कोणाच्या तरी घरून निघालेला २० इंची टीव्ही ट्यूबसाठी आणून माझ्या जिन्याखाली ठेवला आहे. त्याचे ४०० रुपये त्यांना अजून द्यायचे आहेत.